जुनं अहमदाबाद पायी बघायचं असेल तर: पोळ, हजिरा आणि माणेकचौक

मराठी माणूस अहमदाबादला जातो तो बहुधा कुणाच्या लग्नाला, ऑफिसच्या कामाला, नाहीतर द्वारका-सोमनाथच्या वाटेवर एक मुक्काम म्हणून. मग साबरमती आश्रम, नदीकाठचं रिव्हरफ्रंट, एखादी गुजराती थाळी, आणि गाडी पुढे. नदीच्या पूर्वेकडचं जुनं शहर राहून जातं, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "तिकडे काय, नुसती गर्दी!" गर्दी आहेच. पण अहमदशहाने १४११ साली वसवलेलं आणि २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं, असा मान मिळालेलं भारतातलं पहिलं शहर हेच. आणि ते अजून राहतं आहे, रांधतं आहे, भाव करतं आहे.

मी आता ज्याला त्याला एकच सांगतो: इथे नकाशापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. एकच चौक सकाळी, दुपारी आणि रात्री तीन वेगळ्या लोकांचा असतो. चुकीच्या वेळी गेलात तर बंद शटर आणि अडकलेल्या रिक्षा एवढंच दिसेल. म्हणून खालच्या पायऱ्या ठिकाणांच्या नाहीत, वेळेच्या क्रमाने लावल्या आहेत.

१. दिवस नीट निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या बराच वर असतो, तेव्हा दुपारचा सगळा कार्यक्रम विसरा. वारांचं गणित असं: रविवारी सराफ आणि कापडवाल्यांची बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदी करायची असेल तर रविवार टाळा. गल्ल्या आणि लाकडी घरं निवांत बघायची असतील तर मात्र तोच रविवार सोयीचा, शिवाय त्या दिवशी एलिसब्रिजजवळ नदीकाठी गुजरी बाजार भरतो. जुनी पुस्तकं, दरवाजे, पितळी कड्या, खाटा, काय वाट्टेल ते. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीकडे जाऊ नका, नमाजाची वेळ असते.

उत्तरायण म्हणजे १४ जानेवारी. त्या सुमाराला जायचं असेल तर राहायची सोय खूप आधी करा. पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दरवाजाबंद वस्त्यांमधल्या, गच्च्या पतंगासाठी भाड्याने दिल्या जातात आणि त्यांचे भाव गच्ची बघून नव्हे, गिऱ्हाईक बघून ठरतात.

२. स्टेशनचं नाव तिकिटावर वाचा

अहमदाबाद जंक्शन म्हणजे कालुपूर, जुन्या शहराच्या अगदी उंबऱ्यावर. पण सगळ्या गाड्या तिथेच थांबतात असं धरून चालू नका. काही गाड्या साबरमती, मणिनगर, वटवा किंवा असारव्याला सुटतात-थांबतात. परतीचं तिकीट तर दोनदा वाचा. रात्री माणेकचौकात कुल्फी खात बसायचं आणि गाडी साबरमतीहून सुटायची, हा घोळ नवख्यांचा नेहमीचा.

मुक्काम नदीच्या पश्चिमेला असेल तर मेट्रोने या. पूर्व-पश्चिम मार्गावर शाहपूर, घीकांटा आणि कालुपूर ही तीन स्टेशनं जुन्या शहराला भिडतात. स्वतःची गाडी किंवा हॉटेलची टॅक्सी घेऊन आत शिरू नका. गांधी रोड आणि रिलीफ रोड हे दोन समांतर रस्ते सोडले तर आत चारचाकीला फिरायला जागाच नाही, आणि त्या दोन रस्त्यांवर दुपारी चालणारा माणूस गाडीच्या आधी पोचतो. सिटी बसने यायचं तर लाल दरवाज्याला उतरा.

रिक्षा मीटरने चालतात. स्टेशनबाहेर मात्र "मीटर बंद छे" ऐकू येईल. तिथे घासाघीस करत बसण्यापेक्षा मुख्य रस्त्यापर्यंत दोन मिनिटं चालत या, किंवा ॲपवरून रिक्षा बोलवा. "शटल" म्हणून हाका मारणारी रिक्षा ही शेअर रिक्षा असते. स्वस्त पडते, पण मांडीवर बॅग आणि बॅगेवर शेजाऱ्याचं कोपर अशी तयारी ठेवा.

३. सोबत काय हवं

- मूळ ओळखपत्र, आधार किंवा तत्सम. हॉटेलवाले नोंदीसाठी मागतातच.
- दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण अरुंद गल्ल्यांत रेंज दगा देते.
- काढायला-घालायला सोपी चप्पल किंवा बूट. देरासर (जैन मंदिर), मंदिर, मशीद मिळून दिवसभरात कितीतरी वेळा काढावी लागते.
- ओढणी किंवा मोठा रुमाल. डोकं झाकायला आणि धुळीला, दोन्हीला.
- पाण्याची बाटली आणि रिकामी कापडी पिशवी.
- चामड्याचा पट्टा, पाकीट शक्यतो नको. जैन देरासरांत चामडं नेऊ देत नाहीत.

आणि एक नको असलेली बाटली: गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय सामानात दारू सापडली तर ती गंमत राहत नाही.

४. सकाळी आठ: हेरिटेज वॉक

पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःची अक्कल न चालवता महापालिकेच्या हेरिटेज वॉकला जावं. १९९७ पासून तो चालू आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी आठला निघतो आणि साधारण अडीच तासांनी जामा मशिदीपाशी संपतो. आधी एक छोटा स्लाइड शो, मग चालणं. आदल्या दिवशी ऑनलाइन नोंदणी करून ठेवा, आणि शुल्क तिथेच तपासा, कारण ते बदलत असतं. त्याच नावाने फिरवणारे खाजगी गाइडही गेटवर भेटतील. त्यातले काही चांगले आहेत, पण महापालिकेचा वॉक हवा असेल तर तसं स्पष्ट विचारा.

मंदिरात पंधरा मिनिटं आधी पोचा. १८२२ सालचं हे संप्रदायाचं पहिलं मंदिर, आणि त्याच्या आवारातल्या हवेलीचं सागवानी कोरीवकाम पुढे पोळांत काय बघायचं आहे त्याची चुणूक देतं. स्वच्छतागृहही इथेच वापरून घ्या. पुढे वाटेत मिळेलच असं नाही, आणि बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर ही माहिती सगळ्या इतिहासापेक्षा उपयोगी पडते.

मग सुरू होते पोळ. एक दरवाजा, आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या, म्हणजे छोट्या उपगल्ल्या, आणि एका जातीची, धंद्याची किंवा धर्माची घरं भिंतीला भिंत लावून. जुन्या शहरात अशा सुमारे सहाशे पोळ आहेत. लांबेश्वरच्या पोळेत कवी दलपतराम ओट्यावर बसले आहेत, म्हणजे त्यांचा ब्राँझचा पुतळा, शेजारी बसून फोटो काढावा असा. पुढे हाजा पटेलच्या पोळेत काळा रामजींचं मंदिर लागतं. नाशिकचा काळाराम पाहिलेल्यांनी इथे थोडं थांबावं, कारण इथला राम बैठा आहे.

गाइड पुढे निघून गेला तरी तीन गोष्टी स्वतः शोधा. पहिली, चबुतरा: चौकात उंच खांबावर कोरीव घरटं, पक्ष्यांना दाणे टाकायला. झाडं नसलेल्या गल्लीत पाखरांची सोय. दुसरी, टांकं: जुन्या घराच्या मधल्या चौकाखाली पावसाच्या पाण्याची बंदिस्त टाकी. कुणी आत बोलावलंच तर फरशीतलं छोटं झाकण दाखवायला सांगा. मघा नक्षत्राचं पाणी त्यात साठवायचा रिवाज होता. तिसरी, दरवाज्याजवळचा काळा फळा. कुणाचं बेसणं, म्हणजे मृत्यूनंतरची बैठक, कुठल्या वेळेला आहे, पाणी कधी येणार नाही, कुणाला मुलगी झाली, सगळं खडूने. व्हॉट्सॲप ग्रुप आला तरी काही ठिकाणी फळा अजून लिहिला जातो.

५. पोळेत वागायचं कसं

हे प्रदर्शन नाही, लोकांची घरं आहेत. ओटल्यावर बसलेल्या बाईला न विचारता कॅमेरा रोखू नका. "बेन, फोटो पाडुं?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा हो मिळतं, कधीकधी चहासुद्धा. पुरुषाला "भाई" किंवा "काका", वयस्क बाईला "मासी" किंवा "बा". मोठ्याने बोलू नका, दुपारी एक ते तीन तर नकोच. हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

आत वाट चुकली तर घाबरू नका. काही पोळांना मागच्या बाजूने बारी असते, म्हणजे शेजारच्या पोळेत उघडणारी चोरवाट, पण अनेक गल्ल्या थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघराशी संपतात. गुगल नकाशा इथे गोंधळतो. "माणेकचौक कई बाजू?" असं विचारा, लोक हात धरून नेतील.

६. साडेदहा ते एक: मशीद, हजिरा, तीन दरवाजा

वॉक संपतो तिथेच जामा मशीद. १४२४ साली पुरी झाली. २६० खांब, १५ घुमट. एकेका खांबाजवळ जाऊन घंटा, कमळं, वेलबुट्टी बघा, म्हणजे कारागीर कुठल्या परंपरेतले होते ते सांगावं लागत नाही. दारातले दोन उंच मिनार १८१९ च्या कच्छ भूकंपात गेले, त्यांचे बुंधे तेवढे उरलेत. अंगणातली फरशी उन्हात भाजते, मोजे असू द्या.

मशिदीच्या पूर्वेला बादशाहनो हजिरा, खुद्द अहमदशहाची कबर. आतल्या मुख्य दालनात स्त्रियांना प्रवेश नाही, पुरुषांनी डोकं झाकायचं. त्याच्या पलीकडे राणीनो हजिरा, त्याच्या बेगमांच्या कबरी, आणि त्यांना चहूबाजूंनी बिलगलेला बायकांच्या कपड्यांचा बाजार. चणिया-चोळीचे आरसे लावलेले घागरे थेट हजिऱ्याच्या भिंतीला टेकून लटकलेले असतात. कुणाला हा विटाळ वाटतो. मला तर बादशहाच्या एकट्या, गप्प हजिऱ्यापेक्षा राणीचाच जास्त नशीबवान वाटतो.

तिथून पश्चिमेला चालत तीन दरवाजा. खालून हजारदा जाणारे अहमदाबादकरही वर बघत नाहीत. आपण बघायचं, कारण इथे मराठ्यांचा एक हुकूम कोरलेला आहे. १७५३ साली राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं आणि मध्ये थोडा काळ सोडला तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा इथे जोड अंमल राहिला. त्याच काळात, १८१२ साली, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने देवनागरीत शिलालेख लावला: बापाच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा बिनतक्रार मिळाला पाहिजे. न मानणारा हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला. कायद्याने मुलींना समान हक्क मिळायला नंतर किती काळ गेला ते आठवा आणि मग त्या गर्दीत मान वर करून उभे राहा. धक्के बसतील, बसू देत.

त्याच दरवाज्यात लक्ष्मीच्या नावाचा एक दिवा अखंड तेवतो आणि त्याची निगा एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राखत आलं आहे.

पुढे भद्रचा किल्ला. आत मराठा अमदानीत झालेलं भद्रकालीचं मंदिर आहे, शहर तिला नगरदेवी मानतं. भद्र भागातच मावळंकरांची हवेली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. किल्ल्यापासून जवळच सिदी सय्यदची मशीद, १५७३ सालची. मागच्या भिंतीतली दगडी जाळी, झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्यासारखी, ती बागेतूनही दिसते. तिच्या जवळच टेबलांच्या मधे कबरी असलेलं लकी रेस्टॉरंट आहे. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र, हातात मस्काबन आणि चहा. पाय तिथे मोकळे करा.

७. दुपार: कुठल्या गल्लीत काय घ्यायचं

साड्या, लग्नाचे शालू, घरचोळं यांसाठी रतनपोळ. मीटरवर कापड, बांधणी, ठशांचं कापड यासाठी ढालगरवाड. तयार घागरे-ओढण्या राणीनो हजिऱ्याला. तांब्या-पितळेची भांडी माणेकचौकाजवळ कंसाऱ्यांच्या ओळीत. वह्या-पुस्तकं गांधी रोडवर फर्नांडिस पुलाखाली. मुखवास माणेकचौकाच्या आसपास, चव घेऊनच घ्या, न मागता हातावर ठेवतात.

रतनपोळेच्या तोंडाशी "आवो बेन, साडी जोवा" म्हणत मागे लागणारे लोक दलाल असतात. त्यांच्याबरोबर दुकानात गेलात की त्यांची दलाली तुमच्या बिलात. नम्रपणे नाही म्हणा आणि स्वतः दुकान निवडा.

बांधणी ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटं वापरा. खऱ्या बांधणीत प्रत्येक ठिपका दोऱ्याने बांधून रंगवलेला असतो, त्यामुळे कापडावर बारीक चुण्या राहतात आणि ठिपके एकसारखे कधीच नसतात. एखादा लांबट, एखादा कोपऱ्याकडे कललेला, मध्ये रंगाचा टिपूस. कापड अंगठ्यांनी ताणून धरा: चुणी उघडते आणि सोडली की परत मिटते. छापील बांधणीत ठिपके छापखान्यासारखे एकामागे एक, कापड सपाट, उलटी बाजू फिकट. छापील घेण्यात काही वाईट नाही, पण छापलेल्याचा भाव द्या.

पटोळ्याच्या बाबतीत तर कानाला खडा. पाटणचं खरं पटोळं दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, विणायला महिने लागतात आणि किंमत लाखाच्या घरात जाते. बाजारात दोन-चार हजारांत "पाटण पटोला" म्हणून जे दाखवतात ते छापील असतं किंवा राजकोटकडचं एकेरी विणीचं. राजकोटचं चांगलं असतं, फक्त नाव खरं सांगणाऱ्याकडून घ्या. सोनं घेणार असाल तर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासा. दुकानदार चिडला तर दुकान बदला.

भाव करताना हिंदी चालते, पण दोन शब्द गुजराती बोललात की सूर बदलतो. "केटला थया?" (किती झाले?) आणि "छेल्लो भाव बोलो ने." (शेवटचा भाव सांगा ना.) "एक ज भाव" अशी पाटी असेल तिथे मात्र घासाघीस नको, खरंच उतरत नाहीत. पाट्या वाचायला अवघड नाहीत, आपलीच अक्षरं शिरोरेघ काढून. आकड्यांत तेवढं जपा: त्यांचा पाच आपल्या "प"सारखा दिसतो.

८. रात्री नऊनंतर: माणेकचौक

सकाळी इथे भाजी आणि गाईंसाठी चारा, दिवसभर सराफ, आणि सराफांची शटरं पडली की त्याच जागेवर टेबल-खुर्च्या. साडेआठला गेलात तर अर्धं सामान टेम्पोतून उतरत असतं, म्हणून नऊ-साडेनऊ बरे. चौकाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या बाबा माणेकनाथांची समाधी जवळच आहे. आख्यायिका अशी की तटबंदी बांधत असताना बाबा दिवसा चटई विणायचे आणि रात्री उसवायचे, आणि उसवली की दिवसभराची भिंत ढासळायची. माणेकचौकात हे पटतं, कारण रोज रात्री उभं राहिलेलं सगळं पहाटे गायब असतं.

पोचताच चार मुलं चार मेनूकार्डं पुढे करतील. आधी एक फेरी मारा, मग बसा. एका गाडीच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून मागवता येत नाही, त्यामुळे मंडळी जास्त असतील तर पहिला पदार्थ इथे, दुसरा तिथे असं सरकत खा. दर विचारून घ्या, पाण्याच्या बाटलीचासुद्धा.

माझं मत विचाराल तर पावभाजीसाठी मुंबईकराने इथवर येऊ नये. तव्यावर लोण्याची अख्खी वडी सरकवतात, बघायला छान, खाल्ल्यावर झोप. घोटाळा डोसा आणि ग्वालिया डोसा एकदा चाखावा, दोघांत एक. अननस-चीज सँडविच ऐकायला विचित्र वाटतं पण मुलं हसत संपवतात. कुल्फी मात्र चुकवू नका, वजनावर कापून देतात तिथली. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी "जैन" म्हणायचं, भाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं येतं आणि कुणी भुवया उंचावत नाही.

फाफडा-जिलेबी हा सकाळचा पदार्थ, रात्री शोधू नका. त्यासाठी दुसऱ्या दिवशी गांधी रोडवर चंद्रविलास, किंवा संध्याकाळच्या भुकेला रायपूर दरवाज्याजवळची भजी. ती चटणीशिवायच मिळतात, मागितलीत तर विक्रेता तुमच्याकडे बाहेरगावचा म्हणून बघेल.

९. परत निघताना

रात्री अकरानंतर माणेकचौकाच्या आत रिक्षा येत नाही, बोलावलेली गाडी धुंडाळत फिरते आणि चालक फोन करून वैतागतो. गांधी रोडपर्यंत किंवा तीन दरवाज्यापर्यंत चालत या आणि तिथून बोलवा. मेट्रोची शेवटची गाडी किती वाजता आहे ते जेवायला बसण्यापूर्वी ॲपवर बघून ठेवा, माणेकचौक जागा राहतो तितक्या उशिरापर्यंत मेट्रो चालत नाही. कालुपूरहून रात्रीची गाडी असेल तर बॅगा सकाळीच स्टेशनच्या क्लोकरूमला टाका. तिथे तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत.